बसम्माचं देगलूर

लातुरात क्लासच्या लेकरांना डबे देणाऱ्या बाया गल्लोगल्ली आहेत, पण ज्वारीच्या भाकरीला पापुद्रा सुटावा तो बसम्माच्याच. सत्तावन्न वर्षांची बाई, कपाळभर विभूती, आणि आवाज असा की घरात कुजबुजली तरी कोपऱ्यावरच्या ऑटोवाल्यानं मान वळवावी. अशी बाई गेल्या उन्हाळ्यात गल्लीतून एकाएकी गायब झाली. "अव्वा देगलूरला मावशीकडं गेलीय," असं तिचा लेक रुद्रेश विचारणाऱ्याला सांगायचा. न विचारणाऱ्यालाही सांगायचा, आणि तिथंच त्याचं बिंग फुटलं.

बसम्मा कुठं गेली नव्हती. मागच्या खोलीत होती. टीबी निघाला होता. चाळीस डबे म्हणजे चाळीस आया. एकीच्या जरी कानावर गेलं असतं तर चाळिसांचा डबा बंद, ही रुद्रेशची धास्ती. मग सून सृष्टी तव्यापुढं बसली आणि बसम्मा सहा महिने गोळ्या गिळत आढ्याकडं बघत पडली.

शेजारच्या गुणाबाई काही कमी नव्हत्या. भिंतीपलीकडून मुद्दाम हाळी द्यायच्या, "रुद्रेश, अव्वा बरी हाय का रं देगलूरला?" आणि रुद्रेशनं तोंड उघडायच्या आत देगलूरहून खोकल्याची उबळ यायची.

परवा तिचा शेवटचा रिपोर्ट आला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "बऱ्या झालात, आजी. एकही गोळी चुकवली नाहीत." बाहेर पडताच बसम्मानं स्कूटीवर बसलेल्या लेकाच्या खांद्यावर थाप मारली.

"मिठाईवाल्याकडं घे. पेढे वाटायचेत."

"कशाचे?"

"बरी झाले त्याचे!"

रुद्रेशनं गाडी बंद केली. "अव्वा, तू आजारीच नव्हतीस. मग बरी कशी झालीस?"

लेकाचा हिशोब बिनचूक होता. दुखणं लपवलं तेव्हा आनंदही त्याच कपाटात कोंडला गेला, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आसं कर," रुद्रेशनं तोड काढली, "मावशीला नात झाली म्हण. त्याचे पेढे."

"गोळ्या मी गिळल्या, आन् पेढे तिच्या नातीचे?" बसम्मा कडाडली. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. "गाडी चालू कर."

पहिला पेढा गुणाबाईंच्या हातावर पडला. "मला टीबी झाल्ता. बरी झाले. खा."

"आगं बया, मला म्हाईत हाय की," गुणाबाई पेढा तोंडात टाकत म्हणाल्या, "देगलूरचा खोकला रोज भिंतीतून येत व्हता. खोलीत भूत कोंडलंय म्हणून चौघींना सांगितलं बी मी."

गल्ली जिंकणं सोपं होतं. अवघड होता डब्याचा ग्रुप, ज्यात गावोगावचे आईबाप होते. बसम्मानं सृष्टीच्या हातातून मोबाईल घेतला, बटन दाबून धरलं आणि आपल्या त्या आवाजात बोलली:

"समद्यांना शरणू, नमस्कार. मी बसम्मा. मी देगलूरला गेले नव्हते, मला टीबी झाल्ता. सहा महिने तव्याजवळ गेले न्हाई. आज डॉक्टरांनी बरी झाले म्हणून सांगितलं. उद्यापासून भाकरी मी करणार. ज्यांना पटंना त्यांनी डबा बंद करावा. पर खोटं सांगून लेकरांना जेवू घालायचं मला जमंना."

"पूस ते! पूस लवकर!" रुद्रेश धावला.

"पाठवायला शिकलेय. पुसायचं शिकायचं न्हाई मला."

दिवस मावळेपर्यंत सहा डबे बंद झाले. सातवा फोन कंधारच्या अण्णारावांचा. त्यांची पुनम नीटच्या क्लासला होती. रुद्रेशचा चेहरा पांढरा पडला.

"कागद हाय का डॉक्टरचा?" अण्णारावांनी विचारलं.

"फोटो पाठवते, बघा," बसम्मा म्हणाली.

पाच मिनिटांनी पुन्हा फोन. "ठीक हाय. डबा चालू ठिवा. आमची पुनम सहा महिने जाड भाकरी खाऊन राहिली, तेवढं बघा." तव्याशी बसलेल्या सृष्टीचे कान लाल झाले.

सहा घरं काही परत फिरली नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे बसम्मानं आणखी एक आगाऊपणा केला. शेगडी उचलली आणि पार रस्त्याकडच्या ओसरीवर आणून मांडली. आतापर्यंत भाकऱ्या मागच्या दारी व्हायच्या. आता येणाऱ्याजाणाऱ्यानं डोळे भरून बघावं. रुद्रेश दारात आला, शेगडी बघितली. आत गेला आणि पिठाची परात घेऊन आला.

समोरून जाणाऱ्या एका बाईनं चटकन पदर नाकाला लावला. बसम्माचा भाकरी थापणारा हात जागच्या जागी थांबला.

"काढ तो पदर, माय," ती गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाली. "वास घे. भाकरी हाय."