साडभाऊंच्या जीपचा आवाज

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे साडभाऊ, यांच्याइतका गाडीच्या मागच्या टोकावर जीव लावणारा माणूस सबंध गडचिरोली जिल्ह्यात झाला नसेल. लोक नवी गाडी समोरून बघतात. साडभाऊ सरळ मागे जाऊन उकिडवे बसत, सायलेन्सरच्या तोंडात बोट घालत आणि काजळी पाहून मालकाला गाडीची तब्येत सांगत. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी वरातीच्या गाडीचं असंच निदान केलं आणि त्याच बोटाने नवरदेवाला टिळा लावला. फोटोत नवरदेवाच्या कपाळावरचं कुंकू काळं दिसतं.

आलापल्ली ते भामरागड ते सवारी जीप चालवत. तिचा पाइप त्यांनी इतक्यांदा कापला आणि जोडला होता की मूळ लोखंड कुठलं, हे वेल्डिंगवाल्यालाही सांगता येत नसे. "माणसाले जसा श्वास सोडता आला पाह्यजे, तसंच गाडीचं," ते मला समजावत. "पाइप बारीक केला तं धूर अडते, गाडी गुदमरते. लय मोकळा केला तं आवाज वाघाचा अन् चढावर बकरी." एकदा त्यांनी सायलेन्सरचा डबाच काढून टाकला, तेव्हा प्रवासी उतरून चढावर जीप ढकलत होते आणि साडभाऊ आतून ओरडत होते, "आवाज आयका, आवाज!"

शेवटी त्यांना हवा तो आवाज सापडला. खर्जातला, जंगलातून लांबवर जाणारा, आणि गाडीची ओढ फारशी कमी न करणारा. त्या आवाजावर रस्त्याचा एक रिवाजच पडला. गावाच्या आधी उतारावर साडभाऊ ॲक्सिलरेटरवरून पाय उचलत आणि आवाज नीट आला की मान डोलावत. गुडगुड आली की जीपमध्ये जागा आहे. दोनदा जोरात रेस झाली की जीप भरलेली. मोबाइलला रेंज नसलेल्या त्या गावांतल्या बाया गुडगुड ऐकूनच डोक्यावर टोपली घेऊन घराबाहेर पडत. उन्हात ताटकळणं नाही.

त्याच आवाजाने त्यांचे कान नेले. मागून आलेल्या ट्रकचा हॉर्न त्यांना ऐकू गेला नाही आणि जीप नाल्यात जाता जाता वाचली, तेव्हा किल्ली मागायचं काम घरच्यांनी माझ्यावर टाकलं. साडभाऊंनी ती काढून दिली. म्हणाले, "गाडी तुमी चालवा. मी बाजूले बसतो. पण पाइपाले हात नका लावू."

मी हो म्हटलं. पुढे फिटनेसच्या तपासणीत तो आवाज पास होईना. मी नवा सायलेन्सर बसवला आणि त्यांना सांगितलं नाही. ऐकू न येणाऱ्या माणसाला काय कळणार, असं माझ्या मनात आलं होतं. 

मग गावामागून गाव रिकामं जाऊ लागलं. साडभाऊ काचेतून सुना रस्ता बघत आणि म्हणत, "विसरले मले लोकं." खरं कारण मला ठाऊक होतं. मी गिअर बदलत असे.

मागच्या बाजाराच्या दिवशी एक म्हातारी टोपली सावरत जीपमागे धावत आली. धापा टाकत म्हणाली, "काऊन जी भाऊ, गाडी मुकी झाली का तुमची?"

"काय म्हणते ते?" साडभाऊंनी मला विचारलं.

मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "उशीर झाला म्हणते!"

त्यांनी एकदा म्हातारीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सरकून तिला जागा दिली. मग चपला काढून दोन्ही तळपाय जीपच्या पत्र्यावर टेकवले. कान जाऊ लागले तेव्हा ते इंजिन असंच पायाने ऐकत; किल्ली माझ्याकडे आल्यापासून त्यांनी ते सोडलं होतं. अख्खा चढ ते तसेच बसून राहिले. वर पोचल्यावर सावकाश चपला घातल्या.

"चढावर पह्यल्यापेक्षा बरी ओढून राह्यली," ते म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढचं गाव आलं. उतारावर मी सवयीने पाय उचलला. जीप गुडगुडली नाही, नुसती घरंगळत गेली. साडभाऊंनी मात्र मान डोलावली, अगदी पूर्वीसारखी.