टोपी संपेपर्यंत

उरलेली लोकर फेकवत नाही. तुकडे डब्यात टाकत राहायचं आणि एक दिवस डब्याचं झाकणच लागत नाही. ठाण्याच्या आमच्या विणकामाच्या वर्गाचे किस्से असेच साठलेत. त्यातले निम्मे मला तेव्हा कळले नव्हते, उरलेले अजून कळत नाहीत.

*

रेल्वेच्या एका साहेबाची मड्डम दुपारी आमच्या ओटीवर शिकवायला यायची. मी तेव्हा घरातली नवी सून. पहिलाच घोळ विटाळाचा. मड्डमच्या हातची लोकर घ्यायची की नाही? भटजींनी निकाल दिला की लोकर सोवळ्यातली, तिला विटाळ नाही. मड्डमला मात्र आहे!

म्हणजे लोकर घ्यायची, पण मड्डमला शिवायचं नाही. तिला आमचा हात धरून काही दाखवता येईना. ती खुर्चीवर, आम्ही समोर चटईवर. तिचा हात ज्या बाजूला दिसेल, त्याच बाजूचा आम्ही हलवायचो. थोड्याच दिवसांत सगळ्या झकास विणायला लागल्या. डाव्या हातानं!

मड्डम आमच्या हातांकडे बघून डोकं धरून बसली. आम्हाला वाटलं, बाईला ऊन लागलं. शेजारच्या काशीनं वेगळ्या भांड्यातून पन्हं आणून दिलं. तिनं ते प्यायलं आणि पुन्हा डोकं धरलं.

*

या काशीचं आणि तिच्या जावेचं विहिरीवर रोज भांडण. एकदा काशी पाण्याला जाताना विणकाम घेऊन गेली. जाऊ नेहमीसारखी सुरू झाली. पण टाके मोजताना तोंड उघडलं की मोजणी चुकते, म्हणून काशी गप्प.

संध्याकाळी जाऊ काढा घेऊन दारात उभी. "काशे, तुला बरं नाही का गं? आज बोलली नाहीस ती."

काशीला काय सांगावं कळेना, म्हणून तिनं काढा पिऊन टाकला. दुसऱ्या दिवसापासून जाऊही वर्गाला यायला लागली. का, ते दोघींनाही सांगता यायचं नाही.

*

आता वन्सं. माझी थोरली नणंद. लहानपणीच नवरा गेला, केस काढले, अंगावर लाल आलवण आलं. घरात कुणी आलं की त्यांनी आत जायचं. लोकर सोवळ्यातली म्हणून सासूबाईंनी त्यांनाही सुया घेऊ दिल्या, पण मड्डमच्या खुर्चीमागच्या दाराआड उभं राहून.

एक दिवस सासूबाईंची नजर आमच्या हातांवर गेली. लेकीसुना डाव्या हातानं काम करतात म्हटल्यावर त्या भडकल्या. वर्ग बंद! मड्डम गोंधळली, आम्ही तर तिच्याहून गोंधळलो. तेवढ्यात काशीनं दाराआड डोकावून पाहिलं. वन्सं उजव्या हातानं विणत होत्या. मड्डमच्या पाठीमागून बघून शिकल्यामुळे त्यांचं एकटीचं बरोबर आलं होतं!

आम्हाला आता त्याच शिकवू शकत होत्या, आणि त्यासाठी ओटीवर बसायला हवं. सासूबाईंना डावा हात जास्त वाईट की विधवा लेक ओटीवर बसणं जास्त वाईट, हे ठरवता येईना. शेवटी वन्संना म्हणाल्या, "गोदे, हातातली टोपी संपेपर्यंत बस. मग आत."

*

वन्सं विणताना पुटपुटायच्या. उलट, सुलट, उलट, सुलट. सासूबाईंना लांबून नुसते ओठ हलताना दिसायचे. त्यांनी कल्याणच्या चुलतसासऱ्यांना कौतुकानं सांगितलं की आमची गोदी दिवसभर जप करते. त्यांनी खूश होऊन जपमाळ पाठवली.

वन्संनी माळ हातात घेतली, मणी चाचपून पाहिले. मग विणलेल्या ओळी त्या मण्यांवर मोजायला लागल्या. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. मला फार बरं वाटलं आणि लगेच भीती वाटली, कारण टोपी वाढत चालली होती.

*

काशी त्यांना रोज सांगायची, जरा सावकाश घ्या. पण वन्संना सावकाश येईना, हात भरभर चालायचे. माघातली दुपार होती, खाडीवरून गार वारा येत होता. वन्संनी शेवटचा टाका बंद केला आणि लोकर तोडली. टोपी झाली. ती कुणासाठी होती, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

वन्संनी पदर मागे सारला, त्या उघड्या डोक्यावर टोपी घातली आणि तशाच बसून राहिल्या.

दारात सासूबाई उभ्या होत्या. काशीच्या हातातली सुई खाली पडली. मड्डमनं आमच्याकडे पाहिलं, आम्ही चटईकडे.

सासूबाई पुढे आल्या, वाकल्या आणि दोन्ही हातांनी टोपी खाली ओढली.

"कानांवर घे गं नीट. रोज ओटीवर बसायचं तर वारं लागेल."