ध्यानातला उघडा डोळा

उलव्याच्या आमच्या सोसायटीत चोऱ्या सुरू झाल्या तेव्हा कमिटीने दोन उपाय काढले. एक, वॉचमन मामांना काढून टाकायचं पत्र. दुसरा, सामूहिक ध्यान. हा दुसरा सातव्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांचा. चाळीस माणसं एकत्र शांत बसली की परिसरातली गुन्हेगारी कमी होते, असं त्यांचं ठाम मत. मी सेक्रेटरी. ध्यानाला मी हसलो, पत्रावर मात्र गंभीरपणे सही केली. रविवारच्या मीटिंगनंतर ते मामांच्या हातात द्यायचं होतं.

मामा शेजारच्याच गावातले. त्यांच्यावर पुरावा काडीचा नव्हता. पण सायकली गेल्या, आगीच्या पाइपांची पितळी तोंडं गेली, आणि आम्हाला कोणीतरी हवंच होतं.

रोज सकाळी सहाला पार्किंगमध्ये सतरंज्या. मास्तरांच्या हुकमावरून सगळे पांढऱ्या कपड्यांत, डोळे मिटून वीस मिनिटं. मी एक डोळा किलकिला ठेवायचो, मामांच्या केबिनकडे.

शनिवारी मामा पुढच्या गेटवर टँकर आत घेत होते. तेवढ्यात, दूधवाल्यासाठी उघड्या ठेवलेल्या मागच्या गेटातून एक अनोळखी माणूस आला. काखेत रिकामं पोतं, हातात पाना. समोर पाहतो तर पांढऱ्या कपड्यांत माना खाली घालून बसलेली चाळीस माणसं! त्याने पाना खिशात सारला, चपला काढल्या, हात जोडले, पडेल चेहऱ्याने मिनिटभर उभा राहिला आणि आला तसा गेला. आमच्यातलं कोणीतरी वारलं असं वाटलं असणार त्याला. मी ओरडायला हवं होतं, पण हसूच आवरेना. मग पत्र आठवलं आणि हसू जिरलं.

दूधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "तो होय? बऱ्याचदा माझ्या मागून आत येतो. मला वाटलं, तुमचाच माणूस."

मीटिंगमध्ये सगळं सांगायचं तर उघड्या डोळ्याची कबुली द्यावी लागणार होती. दिली. हशा पिकला. मास्तर म्हणाले, "बघा, झाली की नाही गुन्हेगारी कमी?" पत्र मी तिथेच फाडलं आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

खाली मामांनी गाठलं. "साहेब, तुमचा डोला उघडा कशाला व्हता?"

"तुमच्यावर लक्ष ठेवायला, मामा. चुकलं माझं."

"मना म्हाईत हाय," मामा म्हणाले. "रोज दिसायचा ना तो मना."

सोमवारपासून मी दोन्ही डोळे मिटून बसतो. गेटवर मामा असतात.