न तपासलेली बादली

घंटागाडीवरच्या शांताबाई शेजारच्या सबनिसांच्या हिरव्या बादलीत डोकावून म्हणाल्या, "काका, ओला-सुका वेगळा करावा तर तुम्हीच!" खिडकीत माझा चहा कडू झाला. इमारतीत ही शिस्त सबनिसांनी आणली, असे सारे सांगतात. साफ खोटे! नगरपालिकेचा नियम येण्याआधीपासून मी भाजीच्या साली निराळ्या ठेवत असे, तेव्हा हेच सबनीस हसत असत.

माझी बादली मात्र शांताबाई न पाहताच गाडीत उपडी करतात. अखेर खाली उतरून जाब विचारला.

"आजोबा, तुमची कशाला तपासायची? तुमच्यात कधी प्लास्टिक निघालंय का?"

ज्याच्याविषयी शंका असते, त्याचेच कौतुक होते, हा जगाचा जुना न्याय. तरीही उद्या त्यांनी एकदा माझ्या बादलीत डोकावावे, आणि तेही सबनिसांसमोर.