बाबांच्या खोलीतली जाळी

लंडनमधलं पिनरचं घर विकून आम्ही एका आडगावात राहायला गेलो तेव्हा बाबा, म्हणजे माझे सासरे, ब्याऐंशी वर्षांचे होते. घर जुनं, दगडी, ब्रॅकनेलच्या माझ्या ऑफिसपासून गाडीनं चाळीस मिनिटांवर. मी आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जायची, दोन दिवस घरून काम करायची. नवऱ्याचं काम उत्तरेला, त्यामुळे तो सोमवारी पहाटे निघायचा तो शुक्रवारी संध्याकाळी परत. म्हणजे आठवडाभर त्या घरात मी आणि बाबाच.

गावात गॅसची लाइन नव्हती. मागच्या भिंतीला टेकून चार लाल सिलिंडर उभे असायचे, छातीपर्यंत येतील एवढे उंच. दोन चालू, दोन राखीव. चालू जोडी संपली की मधल्या व्हॉल्व्हवरची हिरवी खूण लाल व्हायची आणि राखीव जोडी आपोआप सुरू व्हायची. मग सप्लायरला फोन करायचा. पहिल्या वर्षी आम्ही पिनरच्या सवयीनं हीटिंग चालवलं आणि ती खूण दर दोन-तीन आठवड्यांनी लाल होऊ लागली. सकाळी कचरा टाकायला बाहेर गेले की मी आधी व्हॉल्व्हकडे बघायची. पिनरला अख्ख्या हिवाळ्यात जेवढे पैसे गॅसला जायचे, तेवढे इथे नाताळच्या आतच गेले होते. आणि एवढं करूनही घर गार ते गारच. दगडाच्या भिंती सगळी ऊब पिऊन टाकायच्या.

दुसऱ्या हिवाळ्याच्या आधी आम्ही तिघं बसून ठरवलं की हे असं चालणार नाही. बाबा तरुणपणी नागपूरहून इथे इंग्लंडला आले होते आणि निवृत्त होईपर्यंत कारखान्यात फिटर होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. एवढ्या खोल्या कुणासाठी तापवताय, मी दिवसभर माझ्याच खोलीत असतो, तिथला गॅस फायर लावा आणि बाकीचं बंद ठेवा. खाली पुढच्या बाजूला त्यांची खोली होती आणि तिथे भिंतीत बसवलेला एक जुना गॅस फायर, म्हणजे खोली तापवायची गॅसची शेगडी होती. आधीच्या मालकांनी तो क्वचितच वापरला असावा, आम्हीही पहिल्या हिवाळ्यात फार कडाका पडला तरच लावायचो.

मग आम्ही बॉयलर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास एवढाच ठेवला. वापरात नसलेल्या खोल्यांचे रेडिएटर बंद केले. माळ्यावर लोकरीचे जाड थर अंथरले, जाड पडदे शिवून घेतले, खिडक्यांच्या फटींना रबरी पट्ट्या चिकटवल्या. बाबांच्या दाराखालची फट बंद करायला मी जुन्या साडीत कापूस भरून लांब लोड केला. या सगळ्याचा फरक पडत होता. मला त्याची चटकच लागली. शनिवारी मी ओला हात घेऊन घरभर फिरायची आणि कुठून गार वारा लागतोय ते शोधायची.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी बाबा विहारात गेले होते. नवरा त्यांना घेऊन गेला होता. मी त्यांच्या खोलीत हात फिरवत होते. त्यांच्या खुर्चीच्या मागे, जमिनीपासून वीतभर वर, भिंतीत एक लोखंडी जाळी होती. तिच्यातून बाहेरचा वारा सरळ आत येत होता, नेमका म्हाताऱ्या माणसाच्या पायांवर. मला रागच आला. इकडे आपण साड्या कापतोय आणि इथे भिंतीला भोकच आहे. मी जाळी काढली, आत जुना टॉवेल दाबून भरला, वरून रुंद चंदेरी टेप लावली आणि समोर पुस्तकांचं बुटकं कपाट सरकवलं. दहा मिनिटांचं काम. कुणाला सांगावं असं त्यात काही वाटलं नाही. त्या संध्याकाळी खोली अर्ध्या तासात उबदार झाली. बाबा म्हणाले, आज छान वाटतंय.

महिना संपला तरी खूण हिरवीच होती. मी नवऱ्याला फोटो पाठवला.

डिसेंबरमध्ये बाबांचं डोकं दुखू लागलं. ते तक्रार करणारे नव्हते, पण पॅरासिटामॉलची पाकिटं लवकर संपू लागली. खिडकीची काच आतून कायम ओली असायची, मी सकाळी फडक्यानं पुसायची. मग एकदा त्यांनी चहा करून घेतला, प्यायले, आणि पाच मिनिटांनी पुन्हा चहाला आधण ठेवलं. मी हसून सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, तुझी सासू अजून बाजारातून आली नाही का. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती.

एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमात दर वर्षी बाबांचं भाषण असायचं. ते त्याची तयारी हिवाळ्यातच सुरू करायचे, वहीत, शाईच्या पेननं, सुरेख अक्षरात. जानेवारीत मी त्यांची खोली आवरताना वही उघडी दिसली. पहिल्या पानावर एक परिच्छेद होता. दुसऱ्या पानावर तोच परिच्छेद. तिसऱ्या पानावरही तोच, फक्त अक्षर उतरत्या ओळीत घसरलेलं. मी वही मिटून ठेवली.

माझंही डोकं दुखायचं, पण घरून काम करायच्या दिवशीच. त्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन बाबांच्याच खोलीत बसायची, कारण ऊब तेवढीच होती. दुपारपर्यंत कपाळ ठणकायचं, मळमळायचं. ऑफिसला गेले की बरं वाटायचं. मी त्याचा अर्थ असा लावला की मला घरातल्या या सगळ्याचा ताण आलाय आणि ऑफिस म्हणजे सुटका. या विचाराची मला लाजही वाटायची.

जीपीनं, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरनं, बाबांची स्मरणशक्तीची चाचणी घेतली. घड्याळ काढायला सांगितलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले. पाचपैकी एकच शब्द आठवला. मेमरी क्लिनिकसाठी नाव पाठवलं गेलं, वाट बघायला सांगितलं. त्या शनिवारी मी आणि नवरा स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होतो, की पुढे एकटं कसं ठेवायचं, एखादं वृद्धांचं होम बघायचं का. दारात बाबा उभे होते.

"माझं काय ठरवायचं ते माझ्यासमोर ठरवा," ते म्हणाले. "अजून मी सगळा गेलो नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विहारात स्वतःहून सांगितलं की यंदा भाषण दुसऱ्या कुणाला द्या.

फेब्रुवारीत माझी नणंद त्यांना आठ दिवस लंडनला, ईलिंगमधल्या तिच्या घरी घेऊन गेली. मलाही विश्रांती मिळेल, असं ती म्हणाली. बाबा नव्हते म्हणून मी गॅस फायर लावलाच नाही, वरच्या खोलीत कोट घालून काम केलं. डोकं एकदाही दुखलं नाही. विश्रांतीचा गुण, मी मनात म्हटलं.

सहाव्या दिवशी नणंदेचा फोन आला. ती नीट शब्द निवडून बोलत होती. "वहिनी, रागावू नका, पण तुम्ही सांगता तसं मला काहीच दिसत नाहीये. काल बसनं एकटे लायब्ररीत जाऊन आले. भाषण लिहून काढलं, मला वाचून दाखवलं. तिकडे त्यांना काय होतं?"

मला ते फार लागलं. जणू माझ्या घरी त्यांची आबाळ होते, असंच ती म्हणत होती. मी तुटक उत्तर देऊन फोन ठेवला. नवऱ्याजवळ तिच्याबद्दल वाईटसाईट बोललेही.

बाबा शनिवारी परत आले. चेहऱ्यावर तेज होतं. दाराची पायरी सहज चढून त्यांनी मला ईलिंगहून आणलेली भाजी कुठे ठेवू विचारलं. खोली गार पडली होती म्हणून मी गॅस फायर मोठा केला. रविवारी संध्याकाळी त्यांचं डोकं दुखू लागलं. सोमवारी नवरा कामाला गेला, बाहेर बर्फाळ पाऊस होता, आणि मी लॅपटॉप घेऊन बाबांच्या खोलीत बसले.

साडेबाराच्या सुमारास ते खुर्चीतून उठायला गेले आणि पुन्हा खाली बसले. मग त्यांनी अंगावरच उलटी केली. मी उठले तर माझेच पाय कापसाचे झाले होते. टेबल धरून उभी राहिले. समोर गॅस फायरच्या ज्योती दिसत होत्या, पिवळ्या, लांब, सावकाश हलणाऱ्या. त्याच्या वरच्या भिंतीवर काळा डाग होता. तो कधीपासून होता कुणास ठाऊक. आणि नणंदेचा प्रश्न माझ्या कानात जसाच्या तसा आला. तिकडे त्यांना काय होतं. मी कपाटाकडे बघितलं, आणि मला कळलं.

मी बटण फिरवून गॅस बंद केला. खिडकीला मीच पट्ट्या चिकटवल्या होत्या, ती उघडेना. दार सताड उघडलं. बाबांना काखेत धरून ओढायला लागले तर ते मला ढकलायला लागले. "दार लाव गं, थंडी येते," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. ते जड होते आणि माझ्यात जोर नव्हता. शेवटी मी खुर्चीच ओढली, पॅसेजमधून पुढच्या दारापर्यंत, उंबऱ्यावर ती अडकली तेव्हा दोघंही बाहेर पायरीवर पडलो. तिथूनच अॅम्ब्युलन्सला फोन केला. पाऊस तोंडावर येत होता आणि मी बाबांचं डोकं मांडीवर घेऊन त्यांना सारखी हाका मारत होते. ते डोळे उघडून माझ्याकडे बघायचे, पण मी कोण हे त्यांना कळत नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये दोघांना ऑक्सिजन लावला. रक्तात कार्बन मोनॉक्साइड, गॅस अर्धवट जळून होणारा वास नसलेला विषारी वायू, सापडला. डॉक्टर म्हणाल्या की अजून तासभर तसंच बसला असतात तर दोघंही उठला नसतात. अलार्म नव्हता का, त्यांनी विचारलं. होता, बॉयलरपाशी, घराच्या दुसऱ्या टोकाला.

मला रात्रीच घरी सोडलं, बाबांना ठेवून घेतलं. मंगळवारी गॅस इंजिनिअर आला. नवरा त्याच्याबरोबर होता, मी जिन्यावर बसून ऐकत होते. धुराड्यात पक्ष्यांचं जुनं घरटं होतं, अर्धा मार्ग त्यानंच बंद झाला होता. खोलीत बाहेरचा वारा येत असता तर कसंबसं भागलं असतं, असं तो म्हणाला. इंजिनिअरनं कपाट सरकवलं, टेप फाडली, टॉवेल बाहेर ओढला. हे कुणी केलं, असं त्यानं विचारलं. नवरा म्हणाला, आधीच्या मालकांनी केलं असणार. टॉवेल आमचा होता, पिनरच्या घरातला. त्यानं तो ओळखला नाही, आणि मी काही बोलले नाही.

दोन दिवस मी ते तसंच राहू दिलं. गुरुवारी बाबांच्या वॉर्डमध्ये एकटी गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. वारा तुमच्या पायांवर यायचा म्हणून बुजवलं, असं म्हटलं. पण तेवढंच खरं नव्हतं, म्हणून गॅस वाचावा म्हणूनही, हेही सांगितलं.

"चाळीस वर्षं पाइपांतच हात घातले मी," ते म्हणाले. "खोलीत शेगडी आणि वाऱ्याला वाट नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं." मग म्हणाले, "त्याला सांगू नकोस. तो माझ्यासारखा नाही. मनात धरून ठेवेल."

मी नाही सांगितलं. गॅस फायर काढून टाकला, प्रत्येक खोलीत अलार्म बसवले, बाबांच्या भिंतींना आतून जाड अस्तर करून घेतलं. पण बाबा परत आलेच नाहीत, नणंदेकडे राहिले. नवरा आधीच्या मालकांना वकिलाची नोटीस पाठवायच्या गोष्टी करायचा. मी विषय बदलायची. दर वेळी तो बदलणं अवघड होत गेलं.

मेमध्ये मेमरी क्लिनिकची तारीख मिळाली. आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी विचारलं की तो वायू खोलीत किती काळ साचत होता, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. नवरा म्हणाला, जाळी आम्ही घर घेतलं तेव्हापासूनच बंद होती, म्हणजे दोन हिवाळे. डॉक्टर लिहायला लागल्या. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारपासून. मी बंद केली होती."

डॉक्टरांनी आधीचं खोडून नवीन लिहिलं. आम्ही बाबांना ईलिंगला सोडून परत आलो. घराशी गाडी थांबली तेव्हा नवऱ्यानं विचारलं, इंजिनिअर आला तेव्हा तू जिन्यावर होतीस ना. मी हो म्हटलं. त्यानंतर त्यानं हा विषय कधीच काढला नाही, मीही नाही. शुक्रवारी तो आता पूर्वीपेक्षा उशिरा येतो.

डॉक्टरांना नक्की काही सांगता आलं नाही. यातलं वयाचं किती आणि त्या हिवाळ्याचं किती हे वेगळं काढता येत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा या, असं त्या म्हणाल्या. बाबांचा उजवा हात थरथरतो. काही दिवस ते अगदी पूर्वीसारखे असतात. नणंद मला वहिनी म्हणूनच हाक मारते, पण फोन सरळ त्यांच्या हातात देते.

परवा त्यांनी फोनवर विचारलं, तिकडे थंडी पडली का. मी म्हटलं, पडली. मग त्यांनी विहारातल्या कुणाच्या तरी नातवाच्या लग्नाबद्दल सांगितलं, नीट, नावागावासकट. आणि फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, तिकडे थंडी पडली का.