पोलंडवाले साहेब मैदानात उतरले तेव्हा

आमच्या कंपनीच्या कोळसा खाणी कन्हानच्या बाजूला होत्या आणि कचेरी नागपुरात. साठच्या दशकात खाणीत नवी यंत्रं बसवायला पोलंडहून काही इंजिनियर आले. त्यांतले एक आमच्या फुटबॉल टीमचे मॅनेजर झाले. मी कचेरीत टायपिस्ट होतो आणि टीममध्ये लेफ्ट बॅक. इंग्रजी बरं होतं म्हणून त्यांचं बोलणं टीमला समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं, माझंही पुस्तकी, तरी भागायचं.

ते रामदासपेठेत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. वय चाळिशीकडे झुकलेलं, अंगाने रुंद, आणि चालताना उजवा पाय जरा मागे राहायचा. खाणीवर जाता-येता जीपमध्ये त्यांनी आपली हकीकत तुकड्यातुकड्यांनी मला सांगितली. त्यांचं गावही कोळशाचं. तिथला क्लब खाणीच्या मालकीचा. पोरगा चांगला खेळतो असं दिसलं की त्याचं नाव खाणीच्या हजेरीपटावर चढायचं, पगार तिथून निघायचा, आणि काम म्हणाल तर फुटबॉल. साहेब असेच कोवळ्या वयात खाणकामगार झाले आणि पुढे त्यांच्या देशातल्या वरच्या श्रेणीत काही वर्षं खेळले. राष्ट्रीय टीमसाठी बोलावणं येईल असं सगळे म्हणत होते, तेवढ्यात एका सामन्यात गुडघा गेला.

"मग खरोखरच खाणीत उतरावं लागलं," ते म्हणाले. संध्याकाळच्या वर्गांना बसून ते शिकले, इंजिनियर झाले.

आमच्याकडेही फार वेगळं नव्हतं. आमचा सेंटर फॉरवर्ड कामठीचा. त्याला नोकरी लागली ती पायाच्या जोरावरच. कागदावर तो दिवाघरात होता, म्हणजे खाणीत उतरणाऱ्यांना दिवे द्यायचे. प्रत्यक्षात दुपारनंतर तो मैदानावरच सापडायचा. टीमही तोच चालवायचा. कोण खेळणार, कोण बसणार, हे तो चहाच्या टपरीवर ठरवायचा. बॉल एकदा त्याच्या पायात गेला की परत कोणाला मिळत नसे.

साहेबांनी आल्या आल्या आठवडाभर आम्हाला बॉलच दिला नाही. मैदानावर नुसतं चालायला लावलं. एकजण पुढे सरकला की दुसऱ्याने कुठे जायचं, एवढंच.

सेंटर फॉरवर्ड वैतागला. "काहून गा," तो मला म्हणाला, "हे का वरात काढून राहिले काय आपली? विचार त्याइले, बॉल कधी देणार."

मी विचारलं. साहेब म्हणाले, "बॉल सगळ्यांना चालवता येतो. बॉल नसताना काय करायचं ते यांना माहीत नाही."

मी ते जरा गोड करून सांगितलं. तरी सेंटर फॉरवर्ड दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि मुकाट्याने चालायला लागला.

हळूहळू फरक पडला. मोठ्या टीमशी हरायचो, पण पहिल्यासारखा फज्जा उडत नव्हता. त्या वर्षी नागपुरातल्या एका स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरीत पोचलो. सामना कस्तुरचंद पार्कवर, समोर जबलपूरची तगडी टीम. हाफटाइमला आम्ही एका गोलने मागे होतो. त्यातच आमच्या एका हाफबॅकचा घोटा मुरगळला आणि राखीव खेळाडू तापाने घरी पडलेला. साहेबांचं नाव यादीत होतं. जागा भरायची म्हणून मीच टाकलं होतं.

"साहेब, आता तुमीच उतरा," सेंटर फॉरवर्ड म्हणाला. हे त्यांना मी समजावून सांगायची गरज पडली नाही.

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात कचेरीचे मुख्य अधिकारी शामियान्यातून खाली आले आणि म्हणाले, "उतरा हो, एवढी माणसं बघायला आलीयेत." मग साहेबांनी हाफबॅकचे बूट मागून घेतले.

नंतर काय झालं ते पाहिलेले लोक बरीच वर्षं सांगत असत. साहेबांना धावता येत नव्हतं. ते मैदानाच्या मध्यावर जवळजवळ उभेच होते. पण बॉल त्यांच्याकडे आला की त्याला जणू घरी आल्यासारखं व्हायचं. मान वर न करता ते पास द्यायचे आणि तो बरोबर मोकळ्या जागेत जाऊन पडायचा. एक फ्री किक मिळाली. त्यांनी ती भिंत करून उभ्या असलेल्या खेळाडूंच्या डोक्यावरून वळवून कोपऱ्यात घातली. बरोबरी झाली. लोकांनी टोप्या उडवल्या.

पण मोकळ्या जागेत पडणाऱ्या पासांवर आमचं कोणीच पोचत नव्हतं. आम्ही उभं राहून त्यांच्याकडे बघत होतो. सामना संपत आला तेव्हा जबलपूरवाल्यांनी तसाच एक बॉल उचलला, आमच्या रिकाम्या बाजूने धावले आणि गोल केला. आम्ही हरलो. तरी लोकांनी साहेबांना खांद्यावर घेतलं आणि त्यांचा उजवा पाय कोणाच्या तरी हातात आवळला गेला. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तो फार दुखतोय.

दुसऱ्या दिवशी ते काठी घेऊन मैदानावर आले. आम्हाला समोर बसवलं.

"काल चांगलं कोण खेळलं?"

"तुम्ही," सगळे म्हणाले.

"आणि हरलं कोण?"

उत्तराची वाट न बघता ते म्हणाले, "मी आत गेलो आणि बाहेर तुमचा मॅनेजर उरला नाही. आतही अकरा खेळाडू राहिले नाहीत. एक म्हातारा आणि दहा प्रेक्षक."

सेंटर फॉरवर्डला हे पटलं नाही. "असं कसं, साहेब? गोल तर तुमीच केला ना! आमाले तर जमला नाही."

मी भाषांतर केलं. साहेब पहिल्यांदाच जरा हसले. "त्याला सांग, गोल करणं मला अजून सोपं वाटतं. मॅनेजर व्हायचं तर ते विसरावं लागतं. मी आता विसरणार आहे."

त्यानंतर ते कधी खेळले नाहीत. सरावातही बॉल त्यांच्या बाजूला आला तर हाताने उचलून देत. पुढच्या मोसमात आम्ही कामठीची एक लहान स्पर्धा जिंकली. अख्ख्या सामन्यात साहेब बाकावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, उठायचा मोह होऊ नये म्हणून असावं. शेवटची शिटी झाल्यावर लोकांनी सेंटर फॉरवर्डला उचललं. साहेबांना आनंद झाला की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांनी मला जीप आली का ते विचारलं.

काही महिन्यांत यंत्रांचं काम संपलं आणि ते परत गेले. जाण्याआधी त्यांनी सेंटर फॉरवर्डला खाणीतल्या सरदाराच्या, म्हणजे मुकादमाच्या, परीक्षेला बसायला लावलं. "पाय किती दिवस पुरतील?" असं म्हणाले. तो कुरकुरत बसला, दुसऱ्या खेपेला पास झाला.

बऱ्याच वर्षांनी पोलंडची टीम विश्वचषकात तिसरी आली. सेंटर फॉरवर्ड पेपर घेऊन कचेरीत आला आणि फोटोतल्या कोटवाल्या माणसांवर बोट ठेवून विचारायला लागला, "पाह्य बरं, यातले आपले साहेब कोणते?" त्यात ते नव्हते.

ऐंशीनंतर दुरुस्तीच्या कामासाठी पोलंडहून एक तरुण इंजिनियर आला. तो साहेबांच्याच गावाजवळचा निघाला. त्याच्याकडून कळलं की साहेब परत गेल्यावर गावच्या क्लबचे मॅनेजर झाले. क्लबला त्यांनी खालच्या श्रेणीतून वर आणलं, काही मोसम टिकवलं, मग लागोपाठ हार झाली आणि त्यांना काढून टाकलं. दुसऱ्या एका क्लबनेही ठेवलं आणि काढलं. आता ते शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवत होते.

मी विचारलं, "ते खेळायचे कसे, हे तिथे अजून कोणी सांगतं का?"

तरुण इंजिनियर गोंधळला. "ते खेळायचे?" तो म्हणाला. "आम्ही तर त्यांना मॅनेजर म्हणूनच ओळखतो."

मी त्याला फ्री किकची गोष्ट सांगितली. त्याने ती सभ्यपणे ऐकून घेतली आणि चहा मागवला.