बांबूच्या बेटाशेजारची जागा

मलप्पा सर भाजीसुद्धा मुळाकडून निवडत. परंड्याच्या बाजारात मेथीची जुडी उलटी करून हुंगायला लागले की भाजीवाली ओरडायची, "सर, गुलाब हाय का त्यो?" आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी मराठी. "पानं खोटं बोलत्यात, मूळ न्हाय," हे त्यांचं पालुपद. मला हा माणूस फार आवडायचा, आणि ऐकून ऐकून कंटाळाही यायचा.

पत्नी शांताक्का गेल्या तेव्हा त्यांच्यातल्या रिवाजाप्रमाणे सरांनी त्यांना सीना नदीकाठच्या आपल्याच रानात पुरलं. काठ ढासळू नये म्हणून समाधीलगत बांबू लावला. बेट चांगलं फोफावलं. समाधीशेजारी एका माणसापुरती जागा मोकळी होती. "ती माझी," असं ते सहज सांगत, एसटीत रुमाल टाकून जागा धरल्यासारखं.

त्या पावसाळ्यात सीना रानात शिरली आणि कितीतरी दिवस हललीच नाही. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो. समाधीवरची माती धुपून दगड उघडे पडले होते, बेट मात्र हिरवंगार. "वाचलं की सर!" मी म्हणालो. त्यांनी खालचं एक मूळ उपटून माझ्या नाकाशी धरलं. काळंठिक्कर, तुंबलेल्या गटारासारखा वास.

"पाण्याखाली हवा मिळंना, आतल्या आत आंबलं ते. वरचं हिरवं नुसतं साठवणीवर चाललंय." मग वाकून त्यांनी बुडख्याला मातीलगत फुटलेली पांढरी मुळं दाखवली. "ही नवी. हवेसाठी वर आल्यात. आता सगळी भिस्त ह्यांच्यावर. ह्यांच्यावर माती पडाय नको."

आठवड्यानं गेलो तर सर स्वतःच घमेल्यानं गाळ टाकत होते. समाधी झाकली गेली होती, आणि तिच्याबरोबर ती पांढरी मुळंही. मी चिडून त्यांचा हात धरला. "सर, तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"माझ्यातल्या मास्तरला कळतंय हो," ते म्हणाले. "पर तिची समाधी अशी उघडी पडलेली मला बघवंना."

मी हात सोडला.

बेट पिवळं पडत गेलं. परतीच्या पावसात पुन्हा पाणी आलं आणि बांबूसकट काठ खचला, समाधीही गेली. तुटलेल्या कडेला लोंबणारं एक मूळ सरांनी हातात घेतलं. हुंगलं मात्र नाही.

हिवाळ्यात सर वारले. त्यांना गावच्या दफनभूमीत, अनोळखी लोकांच्या मधोमध पुरलं. त्यांनी धरून ठेवलेली जागा नदीनं नेली होती.